घण तिच्या हाती, सांडशी त्याच्या

(तालुक्यातील महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे, 'मुलींना तांत्रिक व्यवसायांकडे वळण्यासाठी प्रोत्साहन'. यातला 'प्रोत्साहन' हा शब्द मला अडचणीचा वाटतो. का, ते बोलण्याच्या ओघात येईलच. आधी एक चित्र डोळ्यांपुढे आणा. बाजाराला जाताना तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलेलं आहे.

रस्त्याच्या कडेला घिसाड्यांचं पाल पडलेलं असतं. जमिनीत ऐरण रोवलेली, शेजारी भाता. निखाऱ्यातून काढलेलं लालभडक लोखंड सांडशीत धरून पुरुष बसलेला असतो. आणि समोर उभी राहून घण कोण घालतं? त्याची बायको. पदर खोचलेला, कपाळावर घाम, कधीकधी पोटात सहा-सात महिन्यांचं मूल. ती घणावर घण घालते आणि तो बसल्या जागी लोखंड फिरवतो. ठोका कुठे पडायचा ते तो ठरवतो. धार काढतो, पाणी देतो, गिऱ्हाइकाशी भाव करतो, पैसे घेतो. कोयता तयार झाला की लोक म्हणतात, घिसाड्यानं केला.

बायकांना यंत्राचं काम झेपत नाही, ते अंगमेहनतीचं आहे, असं कुणी म्हणालं की मला ते पाल आठवतं. अंगमेहनत तर तिच्याकडेच आहे! सांडशी तेवढी तिच्या हातात नाही. घरात चुलीपुढे मात्र दिवसभर तीच सांडशी. (हशा)

एकदा हे दिसलं की सगळीकडे दिसायला लागतं. कुंभारवाड्यात माती आणायची, मळायची, मडकी उन्हात मांडायची ती बाईनं, चाकावर बसायचं पुरुषानं. इचलकरंजीला, मालेगावला मागाच्या कांड्या भरतात बाया, माग चालवतात पुरुष. आपली भाषा बघा. लोहारीण म्हणजे कोण? लोहाराची बायको. सुतारीण, कुंभारीण, सगळ्या कुणाच्या तरी बायका. सुतारकाम येणारी बाई, या अर्थानं आपल्याकडे शब्दच नाही, कारण तसा शब्द लागेल अशी वेळ कुणी येऊच दिली नाही.

आता माझ्या घरातलं सांगते. माझे वडील गवंडी. आई त्यांच्याच हाताखाली बिगारी. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्यानंतर लातूर-उस्मानाबादकडे बांधकामच बांधकाम निघालं आणि आम्ही कामामागे फिरत राहिलो. माझी आई बावीस वर्षं डोक्यावर घमेलं घेऊन परांचीवर चढली. माल कसा कालवायचा, वाळू किती, सिमेंट किती, पाणी कधी थांबवायचं, हे तिला वडिलांपेक्षा चांगलं कळायचं. खाली उभी राहून ती भिंतीकडे बघायची आणि म्हणायची, "एक सूत बाहेर हाय बगा." वडील ओळंबा सोडायचे. एक सूतच निघायचं.

माझा आतेभाऊ सोळाव्या वर्षी आमच्याकडे बिगारी म्हणून आला. दोन वर्षांत वडिलांनी त्याच्या हातात थापी दिली. आज तो स्वतः ठेके घेतो. आईच्या हातात थापी आली ती एकदाच. वडिलांना कावीळ झाली आणि एका घराच्या स्वयंपाकघराचा गिलावा अर्धा राहिला होता. मालक घाई करत होता. आईनं तीन दिवसांत तो पुरा केला. जोड कुठे आहे ते मालकाला शोधूनही सापडेना. शनिवारी पगार करताना त्यानं तिला तिन्ही दिवसांची बिगाऱ्याची हजेरी दिली, म्हणजे गवंड्याच्या निम्मी. ती काही बोलली तर म्हणाला, "बाईला गवंड्याची हजेरी कशी द्यायची?" त्या मालकाचं मला फारसं काही वाटत नाही. वडील बरे होऊन कामावर आले, त्यांनी त्या भिंतीवरून हात फिरवला, काही बोलले नाहीत आणि घमेलं आईच्या पुढे सरकवलं. ते मला अजून विसरता येत नाही. वडील वाईट नव्हते. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी कर्ज काढलं. पण थापी काही ते देऊ शकले नाहीत.

१९७६ साली समान वेतनाचा कायदा आला. समान कामाला समान वेतन, हे आपण मोर्च्यात किती वेळा म्हटलं! पण ज्या ठेकेदारानं बाईला कधी गवंडी म्हणून उभंच केलं नाही, त्याच्याकडे तुलना कशाशी करायची? बिगारी बाईला बिगारी पुरुषाइतके मिळावेत, इतपतच तो कायदा पोचला, आणि तेवढंही झालं नाही ते वेगळंच.

त्याच भूकंपानंतरची दुसरी एक गोष्ट आई सांगायची. पडझड झालेली घरं दुरुस्त आणि मजबूत करायचा सरकारी कार्यक्रम निघाला. त्यात शेकडो गावांत महिला मंडळातल्या बायांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. धाब्यावरची माती किती कमी करायची, दगडी भिंतीत आरपार जाणारे सांधे कुठे घालायचे, भिंतीला वरून पट्टा कसा बांधायचा, हे त्या शिकल्या आणि गावात शिकवू लागल्या. त्यातली एक बाई, नऊवारी नेसलेली, आमच्या कामावर येऊन वडिलांना विचारत होती, "सळई किती अंतरावर बांधली? मोजून दाखवा." आई म्हणायची, "तुझ्या बापाचं तोंड बगाया पायजे हुतं." आईनं हे मला निदान पन्नासदा सांगितलं असेल.

आता माझ्याविषयी. मी एमएसडब्ल्यू झाले, एका प्रकल्पात नोकरीला लागले आणि पहिलं काम काय केलं, तर तीन गावांत तीन शिवणवर्ग काढले. (हशा) हसू नका, तुमच्यापैकी निम्म्याजणींनी तेच केलंय. शिवण, पापड, लोणची, मेंदी, पार्लर. आपल्याला वाटलं, घरी बसून करता येतं, नवऱ्याची हरकत नसते, सुरक्षित आहे. एका गावात दीड वर्षात चाळीस बाया शिवायला शिकल्या, आणि ब्लाउज शिवून घेणाऱ्या त्याच चाळीस. शिलाईचा दर उतरला. त्याहून मोठा मूर्खपणा मला फार उशिरा कळला. आमची मशिनं बिघडली की तालुक्याहून एक मिस्त्री यायचा. शटलचं टायमिंग जुळवायचा, पट्टा घट्ट करायचा, तेल घालायचा आणि आठ बायांच्या दिवसाच्या कमाईइतके पैसे घेऊन जायचा. चाळीस बायांचा वर्ग, आणि मशीन उघडायला पुरुष! कुणालाच, मलासुद्धा, हे विचित्र वाटलं नाही. स्क्रू ड्रायव्हर मागायचं आमच्या डोक्यातच आलं नाही.

आता ज्या मुलीविषयी सांगायचंय तिचं नाव सांगत नाही. तिला आयटीआयला घालणारी मीच. मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात, पण वीजतंत्री, जोडारी, कातारी, संधाता या ट्रेडना मुली येत नाहीत आणि मग त्या जागा मुलांकडे जातात. मुली कुठे जातात? शिवण, पार्लर, संगणक चालक. ही दहावीला बरे गुण मिळवलेली मुलगी, हाताची चपळ, घरातला मिक्सर उघडून परत जोडणारी. मी तिच्या घरी चार खेपा घातल्या. बापाला समजावलं, आजीला समजावलं. सातारची सुरेखा यादव कराडच्या सरकारी तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून १९८९ साली रेल्वेत सहायक चालक म्हणून लागली आणि आशियातली पहिली महिला रेल्वेचालक ठरली, हे मी त्यांना फोटो दाखवून सांगितलं. तुमची पोरगी का नाही, असं म्हणाले. मुलगी वीजतंत्री झाली. दोन वर्षं वर्गात ती धरून तीन मुली. निकाल चांगला लागला. आमच्या कार्यालयात पेढे वाटले.

मग शिकाऊ उमेदवारीसाठी एका कारखान्यात गेली. कोणता ते नको. पहिल्या आठवड्यात साहेबांनी तिला मेंटेनन्समधून काढून स्टोअरला बसवलं. "तुझं अक्षर चांगलं आहे, रजिस्टर लिही." बरोबरची मुलं पॅनल उघडत होती, मोटारी उतरवत होती आणि ही नटबोल्ट मोजत होती. शॉपमध्ये बायकांचं स्वच्छतागृह नव्हतं. ऑफिसच्या इमारतीत होतं, दहा मिनिटं चालून. गेलं की परत येईपर्यंत सुपरवायझर घड्याळ बघणार. तिनं पाणी पिणं सोडलं. तीन महिन्यांनी लघवीचा संसर्ग होऊन तापानं फणफणली. त्या काळात तिनं मला दोनदा फोन केला. मी काय सांगितलं? "हिंमत ठेव. तुझ्यामागून येणाऱ्या मुलींसाठी तू टिकलं पाहिजेस." चौथ्या महिन्यात तिनं काम सोडलं. गाव म्हणालं, बघा, सांगितलं नव्हतं?

म्हणून मला 'प्रोत्साहन' शब्दाची भीती वाटते. त्या मुलीत हिंमत भरपूर होती. कमी पडला तो संडास. आणि मी. स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र, आडोसा असलेली स्वच्छतागृहं हवीत, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिलेलं होतं. ते मला परीक्षेला आलं होतं, मी उत्तरही लिहिलं होतं! पण अर्ज घेऊन कारखाना निरीक्षकाकडे जायचं त्या वेळी सुचलं नाही. मी भाषण देत बसले. सुरेखाताईंचं उदाहरण देतानाही मी अर्धंच सांगितलं होतं. त्या छत्तीस वर्षं गाड्या चालवून २०२५ मध्ये निवृत्त झाल्या, पण रेल्वेच्या इंजिनांत वर्षानुवर्षे स्वच्छतागृहच नव्हतं, आणि आजही कित्येक इंजिनांत नाही. पुढे गेलेल्या बाईचा फोटो आपण भिंतीवर लावतो. ती आठ-दहा तास काय करत होती, ते विचारत नाही.

कायद्याचं निघालंच आहे तर आणखी थोडं. त्याच १९४८ च्या कायद्यात असंही होतं की यंत्र चालू असताना, इजेचा धोका असेल तर, त्याचे भाग पुसणं, तेल घालणं, जुळवणं ही कामं बाईला द्यायची नाहीत. त्या काळी पट्ट्यांवर चालणारी यंत्रं होती, लुगड्याचा पदर अडकून जीव जायचा, हे खरं. पण पुरुषाचं धोतर अडकत नव्हतं का? पट्ट्याला जाळी बसवायची सोडून बाईला दूर केलं, आणि यंत्राची देखभाल हे पुरुषाचं काम ठरून गेलं. जो तेल घालतो तोच यंत्राचा आवाज ओळखायला शिकतो, तोच पुढे मिस्त्री होतो. रात्रपाळीची बंदीही तशीच. संध्याकाळी सात ते सकाळी सहा बाईला कारखान्यात ठेवायचं नाही. मद्रास उच्च न्यायालयानं २००० साली ते कलम घटनाबाह्य ठरवलं. आता २०२० ची नवी संहिता आहे, नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली. तिच्यात बाईला सर्व प्रकारच्या कामाचा हक्क दिलाय आणि तिच्या संमतीनं रात्रीही काम करता येतं. चांगलं आहे. पण कंत्राटावर असलेल्या मुलीपुढे संमतीचा कागद ठेवला तर ती नाही म्हणेल का? रात्री दोनला तिला गावाच्या फाट्यावर सोडणार की घराच्या दारात? हे गटांनी विचारायचं आहे. एकट्या मुलीनं विचारलं तर ती भांडखोर ठरते.

आणि एक सावधगिरी. आजकाल पुण्याकडच्या, संभाजीनगरकडच्या कारखान्यांत फक्त मुलींच्या असेंब्ली लाइन निघाल्यात. वर्तमानपत्रात फोटो येतात, सगळ्या एकसारख्या टोप्या घातलेल्या. मुली जातायत याचा मला आनंदच आहे, पगार त्यांच्या हातात येतो, लग्न दोन वर्षं पुढे ढकललं जातं. पण जाहिरातीत लिहितात, मुलींची बोटं नाजूक, चिकाटी जास्त. हे आपण गिरणगावात ऐकलेलं आहे. तिथेही रिळिंग आणि वाइंडिंग ही खाती बायकांची होती, आणि नवीन यंत्रं आली तेव्हा सगळ्यांत आधी कमी झाल्या त्या याच खात्यांतल्या बाया. चार स्क्रू दिवसभर आवळणं म्हणजे हुन्नर शिकणं नव्हे. लाइन बंद पडल्यावर ती चालू करायला कोण येतं, हे बघायचं. तिथे मुलगी आहे का?

ड्रोनचंच घ्या. २०२३ मध्ये सरकारनं पंधरा हजार बचत गटांना शेतीवर फवारणी करणारे ड्रोन द्यायची योजना मंजूर केली. गटातल्या एका बाईनं उडवायला शिकायचं. दुरुस्तीसाठी दुसऱ्या एकाला शिकवायचं, आणि तिथे योजनेतच लिहिलंय, गटातली दुसरी सदस्य किंवा कुटुंबातला सदस्य. आलं लक्षात? म्हणजे मुलगा, नाही तर दीर. उडवेल ती, उघडेल तो. पुन्हा ते घिसाड्याचं पाल. ज्या गटांना हा ड्रोन मिळेल त्यांनी दुरुस्तीच्या नावापुढे बाईचंच नाव लिहा, एवढं माझं सांगणं आहे.

होतं का हो हे, असं विचाराल. होतं. १९९० च्या सुमारास उत्तर प्रदेशात, त्या वेळच्या बांदा जिल्ह्यात, माणिकपूरकडच्या दलित आणि कोल आदिवासी बायांना महिला समाख्या कार्यक्रमात हातपंप दुरुस्तीचं शिक्षण दिलं. बहुतेकजणी निरक्षर. पंपाची साखळी, दट्ट्या, वायसर, तीन-तीन मीटरचे लोखंडी पाइप वर ओढायचे. पाणी भरणारी बाई, पंप बंद पडला की मैलभर चालणारी बाई, तर दुरुस्तही तिनं का करू नये, इतका साधा विचार. आम्हाला समाजकार्याच्या अभ्यासक्रमात उलटं शिकवलेलं, आधी साक्षरता, मग कौशल्य. तिथे बाया पंप शिकल्या आणि मग म्हणाल्या, आता आम्हाला लिहायला शिकवा, सुट्या भागांची नोंद ठेवायची आहे. त्यातूनच पुढे 'महिला डाकिया' हे त्यांचं पत्रक निघालं, आणि २००२ मध्ये 'खबर लहरिया' हे बायांनीच चालवलेलं वर्तमानपत्र.

ती मुलगी आता काय करते, असा प्रश्न तुमच्या चेहऱ्यांवर दिसतोय. दीड वर्ष घरी होती. मग तालुक्यातल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात लागली. विहिरीवरच्या जळक्या मोटारी येतात, जुनी तार काढायची, वेढे मोजायचे, नवी कॉइल भरायची. दुकानदाराच्या बायकोनं आग्रह धरला म्हणून घेतली, कारण कॉइली आजवर ती बाईच मागच्या खोलीत भरत होती, बिनपगारी. आता दोघी पुढच्या खोलीत बसतात. शेतकरी मोटार घेऊन येतो आणि विचारतो, "मिस्त्री कुठंय?" ती काही बोलत नाही, मोटारीला हात घालते. माझ्याशी ती अजून जरा तुटकच बोलते. तिचा राग रास्त आहे.

तिच्यापासून आम्ही आमच्या भागात काही गोष्टी बदलल्या. प्रवेशाआधी गटातल्या दोघी जाऊन वर्कशॉप बघून येतात, संडासाला कडी आहे का ते धरून. एका ट्रेडला एकटी मुलगी पाठवत नाही, निदान तिघी. शिकाऊ उमेदवारीत दर महिन्याला मुलीला विचारतो, 'बरी आहेस ना' असं नाही, तर 'या महिन्यात काय उघडलंस, काय जोडलंस?' रजिस्टर लिहिते म्हणाली की आम्ही साहेबांना भेटायला जातो. वीजतंत्री झालेल्या मुलीला परवान्याचे कागद करायला मदत करतो, कारण परवाना नसला की काम ती करणार आणि सही दुसऱ्याची. आणि गटातल्या कुणाच्याही घरी वायरिंग निघालं तर पहिल्यांदा आपल्या मुलीला बोलवायचं. हे शेवटचं सगळ्यांत जड गेलं. आमच्याच एका कार्यकर्तीनं मला हळूच विचारलं, "पण नीट करील ना गं ती? घराचा प्रश्न आहे." तिला मी नावं ठेवत नाही. माझ्या मनातही तेच आलं होतं.

माझी आई आता साठीला आली. गुडघे गेलेत. गेल्या पावसाळ्यात घराच्या मागच्या भिंतीचा गिलावा पडला, तेव्हा तिनं खुर्ची मागवली, वडिलांची थापी मागवली आणि बसून तो भरला. माल मी कालवला. पाणी जास्त घातलं म्हणून बोलणी खाल्ली.

आता जेवणाची सुट्टी आहे. मागच्या खोलीत आम्ही लाकडी बोर्ड मांडलेत, त्यावर होल्डर, स्विच, प्लग. शिकवायला आयटीआयच्या दोन मुली आहेत. पोळ्या वाढून होईपर्यंत प्रत्येकीनं एक तरी होल्डर जोडून बघा. हात लावायच्या आधी मेन स्विच बंद आहे की नाही, ते स्वतः जाऊन बघायचं. मी सांगते म्हणून विश्वास ठेवायचा नाही.